ग्लिगोरिचबद्दल तुम्ही विचारलंत

गेल्या अंकात किंग्ज इंडियन बचावाविषयी (काळ्या मोहऱ्यांनी डाव सुरू करण्याची एक पद्धत) लिहिताना सर्बियन ग्रँडमास्टर स्वेतोझार ग्लिगोरिचचा मी एका वाक्यात उल्लेख केला होता : ‘स्वतः जगज्जेता न होता जगज्जेत्यांना हरवणारा, आणि हरवल्यावरही त्यांचा मित्र राहिलेला माणूस.’ त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. माझ्या पिढीच्या बुद्धिबळपटूंना फिशर, ताल, कार्पोव्ह ही नावं पाठ आहेत. ग्लिगोरिचचं नाव त्या रांगेत कुणी पटकन घेत नाही, आणि मला त्याची खंत आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

*

प्रश्न : ताई, आमचे सर म्हणतात की ग्लिगोरिचने बाटल्यांची बुचं कोरून मोहरे बनवले होते. खरं का? आणि बुचाचा घोडा कसा बनवायचा? (इयत्ता सातवी, नाशिक)

उत्तर : खरं आहे. ग्लिगोरिच २ फेब्रुवारी १९२३ ला बेलग्रेडमध्ये एका गरीब घरात जन्मला. वस्तीतल्या दारूच्या दुकानात मोठी माणसं डाव मांडून बसायची. लहानपणी तो तिथे उभा राहून बघायचा. वडील लवकर गेले. घर चालावं म्हणून आईने एक भाडेकरू ठेवला, आणि त्या भाडेकरूने अकरा वर्षांच्या स्वेतोझारला चाली शिकवल्या. संच विकत आणायला पैसे नव्हते. वाइनच्या बाटल्यांची बुचं मात्र मिळायची, म्हणून त्याने ती कोरून आपला संच तयार केला. १९३८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो बेलग्रेड बुद्धिबळ क्लबचा विजेता झाला. शिकायला लागल्यापासून चार वर्षांत!

घोड्याचं म्हणशील, तर बूच उभं धर आणि वरच्या अर्ध्या भागाला पुढून एक तिरका काप दे. मान आणि तोंड वेगळं दिसलं की पुरे, कान-आयाळीच्या नादी लागू नकोस. उंटाला वर नुसती एक खाच, हत्तीला सपाट माथा. सुरी हातात घेशील तेव्हा घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. आणि झालेल्या संचावर खरोखर खेळ, कपाटात ठेवू नकोस.

*

प्रश्न : आपण ग्लिगोरिचला सर्बियन म्हणता. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकांत तो युगोस्लाव्ह आहे. नेमकं काय? आणि एवढ्याशा देशाने सोव्हिएत संघाला इतकी वर्षं टक्कर दिली ती कशाच्या जोरावर? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : काका, दोन्ही बरोबर. त्याचा जन्म झाला तेव्हा देशाचं नाव ‘सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हीन यांचं राज्य’ असं होतं. १९२९ मध्ये त्याचं युगोस्लाव्हिया झालं. महायुद्धानंतर तिथे टिटोंची समाजवादी राजवट आली, नव्वदच्या दशकात तो देश फुटला, आणि ग्लिगोरिच १४ ऑगस्ट २०१२ ला वारला तो सर्बियाचा नागरिक म्हणून. शहर तेच, बेलग्रेड. आयुष्यभर ऑलिम्पियाड, म्हणजे देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा, खेळला तो युगोस्लाव्हियाकडून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते, कारण त्यातच त्याची कारकीर्द कळते.

१९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आईही त्याआधीच गेली होती, आणि एका प्राध्यापकांच्या कुटुंबाने त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. पुढे तो माँटेनेग्रोच्या डोंगरांत पार्टिझनांबरोबर, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी सैनिकांबरोबर, बंदूक घेऊन लढला. तिथे बुद्धिबळाची आवड असलेला एक अधिकारी योगायोगाने भेटला, त्याला हा मुलगा कोण आहे ते कळलं, आणि त्याने त्याला आघाडीवरून मागे पाठवलं. एका रसिकाच्या ओळखीने वाचलेला हा जीव. अठरा ते बावीस ही वर्षं खेळाडूच्या घडणीतली सगळ्यात मोलाची. ती त्याची लढाईत गेली.

तरीही १९४७ साली वॉर्साच्या स्पर्धेत तो पहिला आला, स्मिस्लोव्ह आणि बोलेस्लाव्स्की यांच्या पुढे. स्मिस्लोव्ह दहा वर्षांनी जगज्जेता झाला, यावरून त्या विजयाचं वजन लक्षात यावं.

मग आलं १९५० चं डुब्रोव्निक ऑलिम्पियाड. टिटो आणि स्टालिन यांचं १९४८ मध्ये फाटलं होतं, त्यामुळे सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातले देश आलेच नाहीत. यजमान युगोस्लाव्हियाने सुवर्ण जिंकलं, अर्जेंटिना दुसरा, पश्चिम जर्मनी तिसरा. पहिल्या पटावर, म्हणजे संघातल्या सगळ्यात बलवान खेळाडूच्या जागी, ग्लिगोरिच. संघात पिर्त्स, विडमार धाकटा आणि पुत्स हे स्लोव्हीन, राबार क्रोएट, त्रिफुनोविच डुब्रोव्निकचाच. ‘रशियन नव्हते म्हणून जिंकले’ असं कुणी म्हणेल. पण रशियन परत आल्यावर काय झालं ते बघा : १९५६, १९५८, १९६२, १९६४, १९६८ आणि १९७४, सहा वेळा युगोस्लाव्हियाला रौप्य, आणि दर वेळी पुढे फक्त सोव्हिएत संघ. १९५८ च्या म्युनिक ऑलिम्पियाडमध्ये पहिल्या पटावरचं वैयक्तिक सुवर्ण ग्लिगोरिचने घेतलं. १५ डावांत १२ गुण. त्याच पटावर सोव्हिएत संघाकडून तेव्हाचा जगज्जेता बोट्विनिक बसला होता. त्या वर्षी युगोस्लाव्हियाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून फुटबॉलपटू, धावपटू सगळ्यांना मागे टाकून त्याची निवड झाली.

जोर कशाचा विचारता, तर लोकांचा. तिथे बुद्धिबळ हा बघायचा खेळ होता. १९७० मध्ये ‘सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग’ हा सामना झाला तो बेलग्रेडमध्ये, आणि उर्वरित जगाच्या दहा पटांपैकी तीन पटांवर युगोस्लाव्ह होते : ग्लिगोरिच, मातुलोविच आणि इव्कोव्ह. सोव्हिएत संघ २०.५-१९.५ असा अर्ध्या-अर्ध्या गुणाची मारामारी करून जिंकला. ज्या गावात लोक तिकीट काढून डाव बघायला येतात तिथे मुलं आपोआप खेळायला लागतात. आपल्याकडे सांगलीने हे थोडंफार अनुभवलं आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

*

प्रश्न : मॅडम, तुम्ही लिहिलंत की ‘मार देल प्लाता’ प्रकार ग्लिगोरिचमुळे उभा राहिला. मी किंग्ज इंडियन खेळतो, पण इंजिन (चालींचं मोल मोजणारा संगणक प्रोग्रॅम) दर चालीला मला उणे गुण दाखवतं आणि धीर सुटतो. ग्लिगोरिचकडून काय शिकू? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : हा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून पट मांडून बस.

आधी एक आठवण करून देते. या बचावांच्या नावातलं ‘इंडियन’ खरोखर आपल्याकडचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोलकात्यात महेशचंद्र बंदोपाध्याय हे गृहस्थ जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरबरोबर डावावर डाव खेळले. पांढऱ्याला मधली जागा खुशाल घेऊ द्यायची आणि काळ्या राजासमोर उंट बगलेत बसवून मग त्या जागेवर हल्ला करायचा, ही त्यांची रीत. त्यानंतर शंभर वर्षं बहुतेक मोठे खेळाडू याला संशयास्पद समजत. १९४० नंतर सोव्हिएत खेळाडूंनी, ब्रॉन्स्टाइन आणि बोलेस्लाव्स्कीने, यात जीव ओतला. आणि १९५३ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात ग्लिगोरिचने काळ्या मोहऱ्यांनी अर्जेंटिनाच्या ग्रँडमास्टर नायडॉर्फला हरवलं तो डाव या प्रकाराचा पाया झाला.

स्थिती तुला माहीत आहे. पांढऱ्याचं प्यादं डी५ वर, काळ्याचं ई५ वर, मध्य कुलूपबंद. पांढरा वजिराच्या बाजूने सी प्यादं रेटणार, काळा राजाच्या बाजूने एफ आणि जी प्यादी पळवणार. दोघंही एकाच वेळी एकमेकांच्या घरात घुसायला निघालेले, फरक इतकाच की काळा जिथे घुसतो तिथे पांढरा राजा राहतो.

त्या डावात ग्लिगोरिचने एफ प्यादं एफ४ वर नेलं, जी५ खेळला. इथपर्यंत कुणीही जाईल. पुढचं बघ. हत्ती एफ७ वर, उंट जी७ वरून माघारी एफ८ वर. हल्ला करायला निघालेल्या माणसाने आपला सगळ्यात देखणा उंट मागे का घ्यावा? कारण पांढऱ्याचा सगळा मारा डी६ च्या प्याद्यावर येणार आहे, आणि एफ८ वरचा उंट ते प्यादं धरून ठेवतो. शिवाय ‘जी’ अक्षराची उभी रांग मोकळी होते, हत्तीला तिथे यायला वाट मिळते. एका चालीत बचावही आणि हल्ल्याची तयारीही. मग एकोणिसाव्या चालीला प्यादं जी३ वर, सरळ बळी! पांढऱ्याने ते मारलं, आणि त्याच्या राजाभोवतीची घरं उघडी पडली.

दुसरा डाव १९७० चा, झाग्रेबमधला, पेट्रोसियनविरुद्ध. पेट्रोसियन १९६३ ते १९६९ जगज्जेता होता आणि त्याला हरवणं म्हणजे काय याचे किस्से तू ऐकले असशील. धोका त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचा. त्याच्यापुढे सत्तेचाळीस वर्षांच्या ग्लिगोरिचने एफ४ वर घोडा आणून ठेवला. पांढऱ्याने त्याच्यावर जी प्यादं रोखलं तेव्हा घोडा हलवण्याऐवजी त्याने दुसरा घोडा डी४ वर टाकला. पहिला घोडा गेला. पंधराव्या चालीला काळ्याकडे एक मोहरा कमी. मग जी४, आणि पांढऱ्या वजिराला पळायला कुठे जागा मिळाली माहीत आहे? एच१. कोपऱ्यात, स्वतःच्या राजाच्या शेजारी. पटावरचा सगळ्यात ताकदवान मोहरा सगळ्यात निरुपयोगी घरात जाऊन बसला. तिथून पुढे एफ३, वजीर एच४ वर, उंट ई५ वर आणि तेहतिसाव्या चालीला पेट्रोसियनने डाव सोडला.

आता तुझ्या इंजिनाकडे येते. ते पांढऱ्याच्या बाजूने थोडे गुण दाखवतं ते मध्यातल्या जागेमुळे. तो आकडा तुझ्यासमोरच्या माणसाला पुढच्या पंधरा चाली सापडतील असं गृहीत धरतो. ग्लिगोरिचकडून शिकायचं ते हे की तो या स्थितीच्या दोन्ही बाजूंनी खेळायचा. काळ्याने मार देल प्लाता खेळून लोकांना सळो की पळो करायचा, आणि पांढऱ्याने खेळताना सातव्या चालीला उंट ई३ वर आणून हाच प्रकार खेळायला अवघड करायचा. त्या चालीच्या प्रकाराला आजही त्याचंच नाव आहे. एक महिना इंजिन बंद ठेव आणि या स्थितीतून पांढऱ्या बाजूने खेळ. काळ्याचा हल्ला अंगावर येतो तेव्हा काय वाटतं ते स्वतः अनुभवलंस की उणे अर्ध्या गुणाची भीती जाईल.

त्याच्या आत्मपर पुस्तकाचं नाव आहे ‘मी मोहऱ्यांविरुद्ध खेळतो’. समोर कोण बसलं आहे, त्याचं नाव काय, देश कोणता, हे तो डावात येऊ द्यायचा नाही. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी तेवढ्याच मनापासून खेळता येणं त्यातूनच आलं. पांढरे मोहरे आपले आणि काळे शत्रूचे, असं त्याच्या मनात नव्हतंच.

*

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे, रेटिंग चांगलं आहे, आणि त्याला फक्त बुद्धिबळच खेळायचं आहे. घरात रोज वाद. ग्लिगोरिचचं पोट बुद्धिबळावर चालत होतं का? (एक आई, रत्नागिरी)

उत्तर : सुरुवातीला नाही. युद्ध संपल्यावर तो पत्रकारिता करायचा आणि स्पर्धांच्या आयोजनात काम करायचा. १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर, १९५१ मध्ये ग्रँडमास्टर, आणि हळूहळू खेळ हाच व्यवसाय. पण लेखणी त्याने कधी ठेवली नाही. अमेरिकन मासिकात ‘महिन्याचा डाव’ हे सदर तो वर्षानुवर्षं चालवत होता. एकच डाव घ्यायचा आणि त्याची अशी उकल करायची की सामान्य वाचकालाही ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचा, इतिहास कळावा. १९७२ मध्ये रेक्याविकला फिशर-स्पास्की सामना झाला, तो संपताच त्याचं पुस्तक बाजारात होतं आणि ते अनेक देशांत प्रचंड खपलं. त्याला अनेक भाषा यायच्या, जगभर प्रवास व्हायचा, त्यामुळे लोक त्याच्याशी मोकळेपणी बोलायचे.

मला तर ग्लिगोरिच भेटला तो छापील पानांतूनच. १९६६ मध्ये बेलग्रेडमध्ये ग्रँडमास्टर मातानोविचच्या पुढाकाराने ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ सुरू झाला. जगभरातले निवडक डाव, आणि टिपा कुठल्याच भाषेत नाहीत, नुसत्या चिन्हांत : पांढरा किंचित बरा, काळा जिंकतो, नवी चाल, स्थिती अस्पष्ट. सर्बियन न येणाऱ्या मुंबईच्या मुलीला आणि इंग्रजी न येणाऱ्या मॉस्कोच्या मुलाला तेच पान सारखंच वाचता यायचं. ओपनिंगचे ए०० ते ई९९ हे सांकेतिक क्रमांक, जे आज तुमचा मुलगा मोबाइलवर बघतो, तेही याच घराण्यातले. मार देल प्लाता म्हणजे ई९७ ते ई९९. आमच्या काळी एखादा अंक कुणाकडे तरी यायचा आणि हातोहात फिरायचा. आम्ही मुली रात्री बसून वहीत डाव उतरवून घ्यायचो आणि अंक सकाळी परत द्यायचो. त्या वह्यांमध्ये ‘ग्लिगोरिच’ हे नाव किती पानांवर आहे! तो पांढऱ्याने निम्झो-इंडियन या काळ्याच्या दुसऱ्या एका बचावाविरुद्ध खेळायचा ते डाव मी तेव्हा इतके गिरवले होते की स्पर्धेत पहिल्या दहा चालींना मला घड्याळाकडे बघावं लागत नसे.

वहिनी, मुलाला दोन्हीपैकी एकच निवड असं आत्ता म्हणू नका. त्याच्या खेळाला जोडून आणखी काय येऊ शकतं ते त्याला शोधायला सांगा : शिकवणं, लिहिणं, समालोचन, पंच म्हणून परीक्षा देणं. पदवीचं शिक्षण सुरू राहू द्या. आणि रोजचा वाद आठवड्यातून एकदाच करायचा असं दोघांनी ठरवा. हे मी गमतीने लिहीत नाही. रोज भांडून आलेला मुलगा पटावर बसतो तेव्हा त्याचं अर्ध लक्ष घरी असतं, आणि हे मी शिकवताना फार बघितलं आहे.

*

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू, मग जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत का पोहोचला नाही? स्पष्ट लिहा, भक्तिभाव नको. (वकील, ठाणे)

उत्तर : स्पष्ट लिहिते. कॅन्डिडेट्सपर्यंत, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या फेरीपर्यंत, तो तीनदा पोहोचला. १९५३ मध्ये झ्युरिकला तळाच्या अर्ध्यात राहिला. १९५९ मध्ये ब्लेड, झाग्रेब आणि बेलग्रेड अशी स्पर्धा त्याच्याच देशात झाली, आदल्या वर्षीच्या पोर्तोरोझ इंटरझोनलमध्ये (कॅन्डिडेट्ससाठीच्या पात्रता स्पर्धेत) तो तालच्या मागोमाग दुसरा आलेला, आणि तरीही २८ डावांत १२.५ गुणांवर थांबला, सोळा वर्षांच्या फिशरच्या बरोबरीने. जिंकला ताल. १९६८ मध्ये कॅन्डिडेट्सचे सामने सुरू झाले होते, तेव्हा बेलग्रेडला तालनेच त्याला ५.५-३.५ असं बाहेर काढलं.

सोव्हिएत खेळाडूंमागे प्रशिक्षकांची, सहायकांची फौज होती, हे खरं. युद्धाने त्याची वर्षं खाल्ली, हेही खरं. पण माझ्या मते मुख्य कारण त्याच्या खेळात होतं. त्याला नीट उभ्या राहिलेल्या, तर्काने सोडवता येणाऱ्या स्थिती आवडायच्या. तालने पट पेटवला की त्यातून वाचायला जी निष्ठुर चपळाई लागते ती त्याच्याकडे पुरेशी नव्हती. पेट्रोसियन, स्मिस्लोव्ह, फिशर आणि स्वतः ताल, यांना त्याने एकेक डावात हरवलेलं आहे. मात्र लागोपाठ आठ-दहा डाव अशा माणसांना मागे टाकत राहायचं, हे त्याला जमलं नाही.

आणि तरी युगोस्लाव्हियाचं अजिंक्यपद बारा वेळा! पहिलं १९४७ मध्ये, शेवटचं १९७१ मध्ये. इव्कोव्ह, मातानोविच, पार्मा, मातुलोविच असे खेळाडू समोर असताना चोवीस वर्षांच्या अंतराने तीच स्पर्धा जिंकणं, याला मी जगज्जेतेपदाच्या एका लढतीपेक्षा कमी मानत नाही. भक्तिभाव म्हणा हवं तर.

*

प्रश्न : फिशर सगळ्यांशी भांडला. ग्लिगोरिचशी नाही. असं का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : ओळख १९५८ ची. पंधरा वर्षांचा फिशर पोर्तोरोझला आला, शेवटच्या फेरीत ग्लिगोरिचशी बरोबरी केली, आणि त्या निकालासह कॅन्डिडेट्ससाठी पात्र ठरून ग्रँडमास्टर झाला. पुढे एकमेकांना दोघांनी हरवलं, फिशरने जास्त वेळा. १९६६ मध्ये हवानाला फिशरने स्पॅनिश ओपनिंगमधला मोहरे बदलण्याचा जुना प्रकार बाहेर काढून ग्लिगोरिचला पंचवीस चालींत संपवलं. ज्या डावात आपण हरलो तोही चांगला असेल तर मनापासून चांगला म्हणणारा माणूस फिशरला फार थोड्या ठिकाणी भेटला असेल.

१९९२ मध्ये वीस वर्षांच्या अज्ञातवासातून फिशर स्पास्कीशी खेळायला परतला, स्वेती स्तेफान आणि बेलग्रेडमध्ये. त्याआधी सरावाला त्याने ग्लिगोरिचला बोलावलं. देशावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते, फिशरवर अमेरिकेत वॉरंट निघालं. अशा वेळी एकोणसत्तर वर्षांचा जुना मित्र पटासमोर येऊन बसला.

*

प्रश्न : १९८४ चा कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामना अर्धवट थांबवला तेव्हा मुख्य पंच ग्लिगोरिच होते ना? त्यांचं चुकलं का? (जिल्हा पंच, नागपूर)

उत्तर : मुख्य पंच तेच. पण सामना थांबवला तो फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी, १५ फेब्रुवारी १९८५ ला, ४८ डावांनंतर. पाच महिने, चाळीस बरोबऱ्या, कार्पोव्ह ५-३ ने पुढे आणि कास्पारोव्ह लागोपाठ दोन डाव जिंकलेला. दोष मी नियमाला देते : सहा विजय होईपर्यंत खेळत राहा, मर्यादा नाही. तुम्ही पंच आहात, असा नियम हातात देऊन कुणाला हॉलमध्ये बसवलं तर त्याने करायचं काय? पुढचा सामना २४ डावांचा ठेवला, त्यातच सगळं आलं.

याच ग्लिगोरिचने १९७८ मध्ये फिडेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली होती. निवडून आला आइसलंडचा ओलाफसन. दोन ग्रँडमास्टर त्या पदासाठी उभे होते, ही गोष्टच आज नवलाची वाटते.

*

प्रश्न : म्हातारपणी त्यांनी गाणी केली असं वाचलं. खरंच? (संगीत शिक्षिका, मडगाव)

उत्तर : खरंच. ऐंशी ओलांडल्यावर त्याने संगीताचा रीतसर अभ्यास धरला, रचना केल्या, आणि २०११ मध्ये त्याचा अल्बम आला, ‘विसावं शतक मी कसं पार केलं’ अशा अर्थाच्या नावाचा. जाझपासून रॅपपर्यंत सगळं त्यात आहे. तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. तुमच्याकडे साठीनंतर शिकायला येणारे कुणी लाजत असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

*

प्रश्न : मुलीला घेऊन सर्बियात नॉर्मच्या (किताबासाठी लागणाऱ्या कामगिरीच्या) स्पर्धेला जाते आहे. बेलग्रेडमध्ये एक दिवस हाताशी आहे. ग्लिगोरिचच्या संदर्भात काय दाखवू? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडची कितीतरी मुलं हल्ली तिकडच्या ओपन स्पर्धांना जातात, छानच आहे. बेलग्रेडच्या नव्या दफनभूमीत मान्यवर नागरिकांसाठी वेगळी वाट आहे, तिथे त्याची समाधी आहे. फुलं घेऊन जा. मग कालेमेग्दान किल्ल्याच्या बागेत चक्कर मारा, सावा आणि डॅन्यूब यांचा संगम वरून दिसतो.

प्रवासात मुलीला नायडॉर्फविरुद्धचा १९५३ चा डाव आधी दाखवा आणि पेट्रोसियनविरुद्धचा नंतर. दुसऱ्या डावात चौदाव्या चालीपाशी थांबा, एफ४ वरचा घोडा मारात आहे ते तिला बघू द्या, आणि काळ्याने काय खेळावं ते तिलाच विचारा. पंधरा मिनिटं तरी द्या. उत्तर काय आलं ते मला कळवा, पुढच्या अंकात छापेन.